मदत हवी आहे: लॉगआऊट केलं तरी एन्क्रिप्टेड होम उघडंच राहतं (मिंट २१, पल्सऑडिओ)

नमस्कार मंडळी. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस आहे. डेस्कटॉप एकच, मी आणि भाचा आळीपाळीने बसतो. लोकांची पॅन कार्डं, पासबुकं मशीनमध्ये असतात, म्हणून लिनक्स मिंट (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकतानाच होम फोल्डर एन्क्रिप्ट करायच्या चौकोनात टिक केली होती. म्हणजे ईक्रिप्टएफएस, लॉगिन केलं की उघडणारं आणि लॉगआऊट केलं की बंद व्हायला हवं असं फोल्डरचं कुलूप.

सकाळी मशीन चालू करून लॉगिन केलं की आवाज नसतो. लॉग बघितला तर पल्सऑडिओला (आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) माझ्या होममध्ये स्वतःचा फोल्डर करता येत नाही, 'परमिशन डिनाइड'. हाताने पल्सऑडिओ रीस्टार्ट केला की गुपचूप वाजायला लागतं. आवाजाचं एवढं काही नाही, ऑफिसात गाणी कोण ऐकतंय.

खरी धास्ती दुसरीच आहे. परवा मी लॉगआऊट करून चहाला गेलो, भाच्याने त्याच्या लॉगिनमधून सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) मारून पाहिलं, तर माझ्या सगळ्या फायली धडधडीत वाचता येत होत्या. कुलूप लावलं आणि किल्ली दारालाच ठेवली! फ्यूजर (फोल्डर कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं तर होम धरून बसलेले दोघंच, पल्सऑडिओ आणि माझ्या नावाचा सिस्टिमडी (मागे चालणारे प्रोग्रॅम सांभाळणारा). लॉगिनडीच्या (लॉगिन-लॉगआऊट सांभाळणाऱ्या सेवेच्या) फायलीत 'किल यूजर प्रोसेसेस' (लॉगआऊटला प्रोग्रॅम बंद करा) यस करून झालं, ढिम्म फरक नाही.

प्रतिसाद: फरक पडणारच नाही दादा. ती सेटिंग लॉगिन सेशनमधल्या प्रोसेस मारते. पल्सऑडिओ चालतो यूजर मॅनेजरखाली, म्हणजे तुमच्या नावाच्या त्या सिस्टिमडीखाली, आणि तो सेशनच्या बाहेर. मला सांगा, लिंगर (लॉगिन नसतानाही तुमचे प्रोग्रॅम चालू ठेवणारी सेटिंग) चालू केलंय का कधी? व्हार-लिब-सिस्टिमडीमध्ये लिंगर नावाचा फोल्डर आहे, त्यात तुमच्या नावाची फाईल दिसते का बघा. असेल तर तुमचा मॅनेजर बूट होतानाच उठतो. तेव्हा होम माउंट झालेलं (कुलूप उघडून जोडलेलं) नसतं, नुसता जवळजवळ रिकामा, लिहायला बंदी असलेला फोल्डर असतो. पल्सऑडिओ तिथे चार-पाचदा धडका मारून गप्प बसतो.

मूळ लेखक: सापडली फाईल! मागच्या जुलैच्या गर्दीत रात्री बॅकअप चालू राहावा म्हणून मीच लिंगर लावलं होतं आणि साफ विसरलो. काढलं, आवाज सकाळपासून नीट. आभार.

पण होमचं दुखणं अर्धंच गेलं. आता लॉगआऊटनंतर दहा सेकंदांनी मॅनेजर आणि पल्सऑडिओ दोघंही जातात, होम मात्र माउंटच राहतं. माझा अंदाज असा की अनमाउंटचा प्रयत्न लॉगआऊटच्या क्षणी एकदाच होतो, तेव्हा पल्सऑडिओ आत असतो, आणि नंतर कोणी परत बघायला येत नाही. 'यूजर स्टॉप डिले'चे (लॉगआऊटनंतर मॅनेजर बंद करण्याआधी थांबायचे) ते दहा सेकंद शून्य केले तर जमेल का? कोणी केलंय? की सरळ बॅकअप घेऊन अख्खी डिस्क लक्सवर (पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) न्यावी? पण मशीन चालू असताना लक्सही उघडंच असणार, मग भाच्याचा सुडो काढणं आलं. तो म्हणतो, त्यापेक्षा उठताना मशीन बंद करत जा मामा. सध्या तेच करतोय.