विषय: पाहुणी मुलं येण्याआधी घराची तयारी

ताई, खोली रंगवली, पलंग आणला, आता आणखी काय, असं विचारलंत. आमच्या घरी शहापुरात दोघी बहिणी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, आल्या तेव्हाचं सांगते.

आधी भाषा बघा. आपल्या बेळगावात बालकल्याण समितीकडून येणारं मूल कन्नड बोलणारं असायची शक्यता मोठी. आमच्या दोघींना मराठी येत नव्हतं. सासूबाईंनी पहिल्या रात्री 'हेदरबेड', म्हणजे घाबरू नको, एवढंच म्हटलं आणि धाकटी त्यांच्या कुशीत शिरली. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी चार शब्द तरी शिकून ठेवा. आणि शाळेचं माध्यम बदलायची घाई करू नका हो.

दुसरं म्हणजे जेवण. थोरली उशीखाली भाकरी लपवायची. रागावू नका. आम्ही हाताला येईल अशा फळीवर शेंगदाणा लाडवाचा डबा ठेवला, कधीही घ्या म्हणून. महिन्याभरात उशीखालचं थांबलं.

संडासाकडे जाताना रात्री दिवा चालू ठेवा. त्यांनी आणलेली जुनी पिशवी, फ्रॉक टाकू नका, धुवायलाही विचारून घ्या.

शेजारी विचारतील, 'कुणाची मुलं?' उत्तर घरात आधीच ठरवा. फोटो व्हॉट्सअॅपवर नको. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे.

आणि हे दत्तक नव्हे, हे आजी-आजोबांना आत्ताच समजावा. आईवडिलांची परिस्थिती सुधारली तर मुलं परत जाऊ शकतात. आमची थोरली अजून आईसाठी रडते, तेव्हा मी नुसती जवळ बसते.