हार्मोनची चिठ्ठी आणि काउंटरवरची उलटतपासणी

कृष्णाकाठ_सांगली: "मेडिकलवाल्यानं चार प्रश्न विचारले तर एवढं काय लागलं? आपल्या भल्यासाठीच विचारतो," असं काल इथं एकानं लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. मी ट्रान्स बाई आहे. मिरजेच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, एस्ट्राडायॉल हे स्त्री-हार्मोन आणि पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिलंय. चिठ्ठी त्याच आठवड्यातली, डोस, सही, शिक्का सगळं जागेवर. तरी काउंटरवरच्या पोरानं औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं, "हे तर पाळी गेलेल्या बायकांचं. तुला कशाला?" मागं आमच्या गल्लीतल्या काकू उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत घरी चर्चा! स्पायरोनोलॅक्टोन तर बीपीचे, हृदयाचे पेशंटही नेतात, त्यांना कोण विचारतं का? ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याचं कलम ३ वाचा. दुकानात अशी वागणूक द्यायला बंदी आहे.

औषधवाला_विटा: ताई, आमचीही बाजू ऐका. ही चिठ्ठीवरचीच औषधं. शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची सरकारी यादी, तिचा नियम आहे, 'पुन्हा द्यावे' असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. लोक तीच मळकी चिठ्ठी वर्षभर फिरवतात. उद्या या हार्मोननं पेशंटला रक्ताची गुठळी झाली तर एफडीए, म्हणजे औषध प्रशासनवाले, आमच्याच दारात.

कृष्णाकाठ_सांगली: मग गुठळीचंच विचारा की! सिगारेट ओढता का, एखादा पाय सुजलाय का, हे विचारलं असतं तर मी आभार मानले असते.

तासगावकर: मूळ प्रश्न वेगळाच आहे. तो पोरगा फार्मासिस्ट होता का? भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, काउंटरवर दुसराच. फार्मसी कायदा १९४८ चा, कलम ४२ स्पष्ट आहे, औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं. माझ्या वडिलांना अशाच एकानं सारख्या नावाची भलतीच गोळी दिली, ॲडमिट करावं लागलं.

औषधवाला_विटा: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतः उभा असतो. तुम्ही महिन्याची बीपी-शुगरची औषधं सूट बघून ऑनलाइन मागवता आणि रात्री पोराला ताप आला की आमचं शटर वाजवता.

तासगावकर: ऑनलाइनचा काय संबंध? मला वडिलांचं उत्तर द्या.

औषधवाला_विटा: ज्यानं दिली त्याला विचारा!

मिरज_जंक्शन: भांडा खुशाल. माझा प्रश्न कॉलेजच्या पोरांचा. माझ्या भाच्यानं व्हिडिओ बघून अशाच गोळ्या मिळवल्या होत्या. थोडी अडवणूक बरीच.

कृष्णाकाठ_सांगली: दादा, अडवणुकीनंच तर हे होतं. साताऱ्याची माझी मैत्रीण काउंटरवरच्या अपमानाला कंटाळून ओळखीतून गोळ्या आणते. ना डॉक्टर, ना रक्ततपासणी. स्पायरोनोलॅक्टोननं पोटॅशियम वाढू शकतं, तिला कोण सांगणार? चिठ्ठी घेऊन उजळ माथ्यानं येणारीला हाकललं की ती औषध सोडत नाही, डॉक्टर सोडते.

मिरज_जंक्शन: भाचाही डॉक्टरकडं गेला नव्हता, हे खरंय. पण माझं मत बदललेलं नाही.

औषधवाला_विटा: नाव मोठ्यानं वाचायला नको होतं, एवढं मान्य. एवढंच.

तासगावकर: आणि फार्मासिस्ट हजर होता का?