प्रति: एनजीएफ देऊनही गँग्लियातल्या पेशी का मरतात?
फोंड्याच्या ताईंनी कोंबडीच्या सात दिवसांच्या भ्रूणातले डॉर्सल रूट गँग्लिया (कण्यालगतचे संवेदी चेतापेशींचे पुंजके) एनजीएफमध्ये, म्हणजे चेतापेशी जगवणाऱ्या-वाढवणाऱ्या प्रथिनात, वाढवले, पण तंतू काहींनाच फुटले; म्हणून हा प्रश्न. माध्यमाला दोष देण्याआधी अंडी बघा. साधारण २१ अंशांच्या वर भ्रूण हळूहळू वाढायला लागतो. म्हापशाच्या बाजारात उकाड्यात पडून राहिलेली गावठी अंडी एकाच वेळी इनक्युबेटरला लावली, तरी वयं जुळत नाहीत. हॅचरीतून फलित अंडी आणा, १५ अंशांवर ठेवा, आठवड्याच्या आत लावा. दिवस मोजू नका, पायाची बोटं बघून हॅम्बर्गर-हॅमिल्टन स्टेज (बाह्य रूपावरून ठरणारा भ्रूणवाढीचा टप्पा) ठरवा.

गँग्लिऑन कुठला, हेही नोंदवा. हॅम्बर्गर आणि लेव्ही-मोंताल्चिनी या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवलं की मानेच्या नि छातीच्या गँग्लियांत साधारण ४.५ ते ७ दिवसांत कितीतरी चेतापेशी मरतात. पंख-पायांच्या पातळीवर त्या जास्त तगतात, कारण तिथे चेतातंतू पोचवायचा भाग मोठा. पंखाची किंवा पायाची कळी (लिंब बड) कापली की तिथेही मरण वाढतं. म्हणून कंबरेकडचेच घ्या. १० नॅनोग्रॅम प्रति मिली एनजीएफला २४ तासांत तंतूंचं कडं दिसायला हवं. आणि नोडोज (व्हेगस चेतेचा गँग्लिऑन) चुकून उचलला नाही ना? तो एनजीएफला दाद देत नाही, त्याला बीडीएनएफ हे एनजीएफच्याच कुळातलं दुसरं प्रथिन लागतं.