मदत हवी आहे: पायथनमधूनच पान जुळवत राहू की टेम्पलेटवर जाऊ?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. नोकरी अकाउंट्समधली, प्रोग्रॅमिंग हौसेनं शिकलेलं, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

पिंपळगाव बसवंतला मामांचं कांद्याचं खळं आहे. त्यांना एक छोटी सोय करून दिली आहे. दिवाणजी लिलावातली खरेदी भरतात: शेतकरी, गाव, वजन, दर, शेरा. ते सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जातं आणि पायथनची स्क्रिप्ट त्यातून शेतकऱ्याची पट्टी (हिशोबाची पावती) आणि दिवसभराच्या खरेदीचं पान तयार करते. पान ब्राउझरमध्ये उघडायचं, प्रिंट मारायची, संपलं.

सुरुवातीला जेमतेम चाळीस ओळी होत्या. अधिकचं चिन्ह लावून एचटीएमएलचे (पानाची मांडणी सांगणाऱ्या खुणांचे, म्हणजे टॅगांचे) तुकडे जोडत गेलो. मग एफ-स्ट्रिंगचा (मजकुरातच महिरपी कंसात व्हेरिएबल लिहायची पायथनची सोय) शोध लागला, पण त्यात सीएसएसचा, म्हणजे पानाच्या सजावटीचा, प्रत्येक महिरपी कंस दोनदा लिहावा लागला. आता ४०० च्या वर ओळी झाल्यात. हिशोब कुठे संपतो आणि टेबल कुठे सुरू होतं, ते मलाच शोधावं लागतं. गंगापूर रोडला राहणारी मावसबहीण डिझाइनचं काम करते. तिला एचटीएमएल छान येतं, पायथन अजिबात नाही. गावाचा कॉलम थोडा रुंद करायचा तरी ती मला मेसेज करणार आणि मी रात्री अंबडहून घरी आल्यावर ते करणार.

पण खरा घोळ गेल्या आठवड्यात झाला. एका पट्टीवर शेरा छापलाच गेला नाही. दर का कमी लागला ते कागदावर नाही म्हटल्यावर शेतकरी चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. डेटाबेसमध्ये शेरा आहे. दिवाणजींनी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह (<) टाकून त्याला चिकटून इंग्रजीत बी ग्रेड लिहिलं होतं. गंमत म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या शेऱ्यात ‘<गोल्टी’ (बारीक कांदा) होतं आणि तिसऱ्यात ‘<४५ मिमी’. ते दोन्ही व्यवस्थित उमटले!

तर प्रश्न दोन. हे असं का झालं? आणि आता जिंजासारखं टेम्पलेट घ्यावं (एचटीएमएलची वेगळी फाइल, तिच्यातल्या रिकाम्या जागा पायथन भरतो), की कोडमध्येच टेबल, ओळ, रकाना अशी फंक्शनं लिहून पान बांधावं? दुसरा मार्ग मला जास्त आवडतोय, कारण टॅग बंद करायचा राहणार नाही.

(कोड चिकटवत नाही, मोबाईलवरून लिहितोय.)

गोदाकाठ:
शेऱ्याचं कोडं सोपं आहे. चिन्हाला लागून इंग्रजी अक्षर आलं तरच ब्राउझर त्याला टॅगची सुरुवात समजतो. (तिरकी रेघ, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह यांनाही तो वेगळा अर्थ देतो.) मराठी अक्षर किंवा आकडा आला की तो म्हणतो, हा साधा मजकूर. तुमच्याकडे इंग्रजी बी आलं, म्हणजे ठळक अक्षराचा टॅग झाला. पुढचा ‘ग्रेड’ त्या टॅगचा गुणधर्म ठरला आणि रकान्याचा बंद करणारा टॅगही त्यातच गिळला गेला. पुढचा रकाना सुरू होताच ब्राउझरनं आधीचा आपोआप मिटवला, म्हणून बाकी टेबल शहाण्यासारखं दिसत राहिलं.

आज रात्रीच करा: पायथनच्या एचटीएमएल मॉड्यूलमध्ये एस्केप नावाचं फंक्शन आहे. ते असं चिन्ह ब्राउझरला साधा मजकूर वाटेल अशा रूपात लिहितं. बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर त्यातून जाऊ द्या, शेतकऱ्याचं नावसुद्धा. टेम्पलेटचा वाद नंतर.

जुनं खोड:
फंक्शनं लिहून पान बांधायचं हे आम्ही पर्ल भाषेत भरपूर केलं. तिच्या वेबपानांसाठीच्या सीजीआय मॉड्यूलमध्ये जवळपास प्रत्येक टॅगला फंक्शन होतं. कंसात कंस, त्यात कंस, आणि शेवटी कुठला कुणाचा ते बोट ठेवून मोजायचं. पुढे त्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकातच लिहिलं गेलं की ही फंक्शनं वापरू नका, टेम्पलेट वापरा. २०१५ साली पर्ल ५.२२ मधून ते मॉड्यूलच मूळ संचातून बाहेर गेलं.

सिडकोकर:
काका, अर्धीच गोष्ट सांगताय. रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) २०१३ ला आलं आणि मार्कअप, म्हणजे टॅग, परत कोडमध्ये गेलं. त्यात लिहायची पद्धत जेएसएक्स, ती दिसायला एचटीएमएल, आतून फंक्शनच. फंक्शनांनी बांधलेल्या पानात टॅग उघडा राहत नाही, हा धागाकर्त्याचा मुद्दा खरा आहे. जिंजाला टॅग कळत नाहीत, त्याच्या लेखी सगळा मजकूरच. टेबलाची ओळ बंद करायची विसरलात तर तो चकार शब्द काढणार नाही.

पण तुमच्या घरात पानाला हात कोण लावणार? ताई. मग टेम्पलेट. तिला फंक्शनं शिकवत बसण्यापेक्षा उघडा टॅग शोधणं परवडलं.

एक मात्र बघा. फ्लास्कमध्ये (पायथनची वेबसाइट बनवायची चौकट) एचटीएमएल टेम्पलेटला एस्केपिंग आपोआप चालू असतं. तुम्ही जिंजा नुसतं वापरणार, तिथे ते मुळात बंद असतं. एन्व्हायर्नमेंट (जिंजाच्या सेटिंग ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवताना ऑटोएस्केप स्वतः चालू करा, नाहीतर बी ग्रेड परत गायब. आणि ‘सेफ’ हा फिल्टर (टेम्पलेटमध्ये छापण्याआधी मजकुरावर चालणारं फंक्शन) नावाच्या उलट आहे, तो एस्केपिंग उठवतो.

गोदाकाठ:
आणि वजन गुणिले दर टेम्पलेटमध्ये करू नका. आधी पायथनमध्ये तयार यादी बनवा, टेम्पलेटनं ती फक्त मांडायची. ते केलंत तर उद्या मत बदललं तरी फार रडावं लागणार नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. एस्केप त्याच रात्री लावलं. शनिवार-रविवार घालवून हिशोब वेगळा काढला. तोच सगळ्यात किचकट भाग निघाला, बेरीज तीन ठिकाणी होत होती. मग जिंजा, ऑटोएस्केप चालू करून.

मध्येच मामांनी एक खोडी काढली. पायथनचा स्वल्पविराम एक लाख चोवीस हजार पाचशेला १२४,५०० असा पडतो. ते म्हणाले, “हे कुठल्या देशाचे पैसे?” त्यासाठी छोटा फिल्टर लिहिला, आता १,२४,५०० येतं. ताईनं परवा गावाचा कॉलम स्वतःच रुंद केला. करताना एक रकाना उघडा ठेवलाच, पण तिचा तिनंच शोधला.

दिवाणजींचा तो शेरा मुद्दाम पुन्हा छापून पाहिला. चिन्हासकट उमटला.