डेलब्रुक आणि रस्त्यावर न मावणारी फौज

पुष्कळदा म्हटलं जातं की युद्धाचा इतिहास हा लष्करी अधिकाऱ्यांचा प्रांत, प्राध्यापकांना त्यात काय कळणार. नेमका हाच आक्षेप हान्स डेलब्रुक (१८४८-१९२९) या जर्मन युद्ध-इतिहासकाराला जन्मभर ऐकावा लागला. गडी १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात लढलेला होता, तरीही!

पुढे प्रशियाच्या राजपुत्राची शिकवणी, राइशस्टागची (जर्मन संसदेची) खासदारकी, मासिकाचं संपादन असं बरंच केलं. बर्लिन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळेपर्यंत पन्नाशी जवळ आली होती.

त्याची पद्धत मला फार आवडते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या हिशेबाने, ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी सम्राट झर्क्सीसची फौज बाजारबुणग्यांसकट चाळीस लाखांवर जाते. डेलब्रुकने जर्मन सैन्याची एक तुकडी कूच करताना किती लांब पसरते ते घेतलं आणि त्रैराशिक मांडलं. आघाडी ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचली तेव्हा पिछाडी इराणातल्या सुसा शहरातून जेमतेम बाहेर पडत असणार! आपल्या बखरींतले लाखांचे आकडे वाचतानाही मला हे गणित आठवतं.

जनरल स्टाफशी, म्हणजे जर्मन सैन्याच्या युद्धयोजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांशी, त्याचं खरं वाजलं ते प्रशियाचा अठराव्या शतकातला राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्यावरून. फ्रेडरिक शत्रूला एका घावात लोळवणारा नव्हता, तो झिजवणारा सेनापती होता, असं डेलब्रुकचं म्हणणं. अधिकाऱ्यांना ते दैवताचा अपमान वाटलं. वाद वर्षानुवर्षं चालला. मग पहिल्या महायुद्धात हाच माणूस तडजोडीचा तह करा म्हणून लिहीत राहिला, आणि जर्मन सेनानी लुडेनडॉर्फने १९१८मध्ये पुन्हा निर्णायक घावावरच सगळं लावलं.