वाडा दिवाळीनंतर पडणार, हातात एकच उन्हाळा आहे: काय काय मोजून ठेवू?

डांडियाबाजार_वाडा:
नमस्कार. मी बडोद्यात एम.ई. करते आहे, विषय घरातली उष्णता आणि वीजवापर. सल्ला हवा आहे आणि जरा घाईने हवा आहे.

आमचा डांडिया बाजारातला वाडा पणजोबांनी बांधलेला. 18 इंची विटांच्या भिंती, चुन्यातलं बांधकाम, मधे चौक, वर माडी आणि माडीवर मंगलोरी कौलं. वाटण्या झाल्या. दिवाळीनंतर वाडा पाडून तिथे दुकानं येणार. आजी अजून तिथेच राहते. आई-बाबा आणि मी मांजलपूरला, पाचव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. पुढच्या उन्हाळ्यात आजी आमच्याकडे असेल. गेल्या मे महिन्यात आठ दिवसांसाठी आली होती, चौथ्या दिवशी परत गेली. "रात्री स्लॅब अंगावर येतो गं," एवढंच म्हणाली.

आता गणित. फ्लॅटच्या भिंती 200 मि.मी. एएसी ब्लॉकच्या (हलकं, सच्छिद्र काँक्रीट), यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) साधारण 0.8. वाड्याच्या भिंतीची मी काढली तर 1.2 च्या आसपास येते. म्हणजे कागदावर फ्लॅट सरस. बिल्डरनेही "हे ब्लॉक थंड असतात" असंच सांगितलं होतं. पण एप्रिलमध्ये दोन्हीकडे लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं) लावले तेव्हा दुपारी चारला ओसरीत 31 अंश आणि आमच्या बेडरूममध्ये 36. रात्री अकराला ओसरी 30, बेडरूम 35. लॉगर अदलाबदल करून पाहिले, फरक तेवढाच.

माझं कुठे चुकतंय? आणि वाडा उभा आहे तोवर अजून काय मोजू? नंतर ते पुन्हा मिळणार नाही.

जुना_ओव्हरसियर:
ताई, लॉगर बरोबर आहेत, तुलना चुकली आहे. तुम्ही एका घराचा तळमजला दुसऱ्या घराच्या गच्चीखालच्या खोलीशी ताडून पाहताय. ओसरीच्या डोक्यावर अख्खी माडी आहे, पायाखाली जमीन आहे. तुमच्या बेडरूमच्या डोक्यावर सहा इंच काँक्रीट आणि त्यावर थेट ऊन.

भिंतीचं सोडा, छताचं गणित करा. 150 मि.मी. उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू 3 च्या वर जाते. 2018 च्या इको-निवास संहितेत (घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली) छतासाठी कमाल मर्यादा 1.2 आहे. बडोद्याचा अक्षांश 22.3, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा खाली. जूनच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मारा गच्चीवर आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेवर. तुमचे ब्लॉक आपलं काम करत असतील, पण उष्णता त्या दारानं येतच नाहीये.

एक लॉगर माडीवर लावा. मे महिन्याच्या दुपारी कौलांखाली काय होतं ते मी लहानपणी सोसलं आहे.

अहमदाबादेत_मराठी:
वरच्यांशी सहमत. यात वेळेची बाजू घालते, कारण आजींचं वाक्य तिथेच उलगडतं.

यू-व्हॅल्यू धरते की आत-बाहेरचं तापमान स्थिर आहे. प्रत्यक्षात ऊन लाटेसारखं येतं. ती लाट 150 मि.मी. स्लॅबमधून साधारण चार तासांत आत पोचते. दुपारी दोनची धग संध्याकाळी सहाला छताच्या खालच्या बाजूला. त्यानंतर स्लॅब निवायला वेळ घेतो आणि रात्रभर खाली फेकत राहतो. 18 इंची विटांच्या भिंतीत तीच लाट बारा तासांहून जास्त रेंगाळते आणि वाटेतच बरीचशी विरते. शिवाय चौकातून रात्री वारा फिरतो, भिंती पहाटेपर्यंत गार होतात आणि दिवसभर आतली उष्णता पीत राहतात. एएसी हलका असतो, त्याला ही साठवण फारशी जमत नाही.

दुसरं म्हणजे नुसतं हवेचं तापमान पुरणार नाही. माणसाला छताची धग अंगावर लागते, ती हवेच्या थर्मामीटरला नीट दिसत नाही. टेबल टेनिसचा 40 मि.मी. चेंडू मॅट काळा रंगवा, त्यात सेन्सर घाला आणि पलंगाच्या उंचीवर टांगा. हा संशोधनात मान्य असलेला उपाय आहे. सोबत छताच्या खालच्या पृष्ठभागाचं तापमान घ्या. "अंगावर येतो" हे तुम्हाला आकड्यात दिसेल.

तुलनेसाठी आयमॅक (इंडिया मॉडेल फॉर अ‍ॅडॅप्टिव्ह कम्फर्ट) वापरा. आमच्या इथल्या सेप्ट विद्यापीठाच्या अभ्यासातून तयार झालेलं सूत्र, 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. एसी नसलेल्या इमारतीत सुखद तापमान = 0.54 × बाहेरची चालती सरासरी (मागच्या काही दिवसांच्या बाहेरच्या तापमानाची) + 12.83. सरासरी 30 असेल तर उत्तर साधारण 29, आणि नव्वद टक्के लोकांना चालेल असा पट्टा त्याच्या वर-खाली 2.38 अंश.

डांडियाबाजार_वाडा:
दोघांचे मनापासून आभार. तुलना खरंच चुकली होती. काल माडीवर लॉगर लावला: दुपारी तीनला 41! फ्लॅटपेक्षाही वाईट.

पण मग आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि रात्रभर झोप लागली नाही. मे महिन्यात दुपारी माडीवर कुणी जातच नाही. आजी सकाळी पूर्वेच्या ओट्यावर असते, ऊन चढलं की आतल्या देवघराच्या खोलीत, चारनंतर चौकात पाणी मारून तिथेच, आणि रात्री माडीच्या सज्ज्यात, कारण कौलं झटकन निवतात. ती दिवसभर घरातल्या घरात चार मुक्काम हलते. आम्ही "वाडा थंड" म्हणतो ते आजी जिथे असते त्या जागेबद्दल म्हणतो. फ्लॅटमध्ये हलायला जागाच नाही, तीनही खोल्या त्याच स्लॅबखाली. माझ्या प्रबंधात एकच सेन्सर, एकच खोली होती आणि माणूस नव्हताच.

म्हणून ठरवलं आहे: चारही ठिकाणी लॉगर आणि काळे चेंडू, आणि आजी कुठल्या वेळी कुठे बसली याची वही. गाईडना सांगितलं, ते हो म्हणाले.

वाघोडिया_रोड:
प्रबंधातलं मला कळत नाही, पण आजी येणार आहेत म्हणून लिहिते. आम्ही वरच्याच मजल्यावर. अगाशीवर चायना मोझॅक करून घेतला, पांढऱ्या फुटक्या लाद्यांचा. आधी दोन वर्षं नुसता चुना मारत होतो, तोही चालतो, पण पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. धूळ बसली की गुण कमी होतो, धुवायला विसरू नका. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या, टाक्यांवरून आमच्याकडे वाद झाला होता.

जुना_ओव्हरसियर:
चुना यंदाच मारा, पण अर्ध्या गच्चीवर. अर्धी तशीच ठेवा. खालच्या दोन खोल्यांत एकाच दिवशी फरक मोजता येईल. आणि वाडा पाडतील तेव्हा भिंतीतल्या दोन-चार विटा मागून घ्या. वजन आणि घनता प्रयोगशाळेत काढता येईल, पुस्तकातली धरायची गरज उरणार नाही.

डांडियाबाजार_वाडा:
विटांचं डोक्यातही आलं नव्हतं! काकांना आजच सांगून ठेवते. सेक्रेटरींनी अर्ध्या गच्चीला होकार दिला आहे, बेडरूमवरची बाजू पांढरी, हॉलवरची तशीच. चेंडू रंगवून दोरीवर वाळत टाकलेत, आजी विचारते आहे हे कसले जांभळाएवढे. उद्या देवघराच्या खोलीपासून सुरुवात.