उज्जैनजवळ दतान्याला पहिल्यांदा टँडम जंप करायचीय, नक्की काय काय होतं?

मैथिली_इंदूर
नमस्कार मंडळी. हिवाळ्यात उज्जैनला एमपी टुरिझमचा स्काय डायव्हिंग फेस्टिव्हल लागला की मला आणि धाकट्या भावाला टँडम उडी मारायचीय, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून विमानातून मारायची ती. व्हिडिओत सगळे ओरडताना नि अंगठा दाखवताना दिसतात, पण आपल्याला आतून काय वाटतं ते कुणी नीट सांगत नाही. मला गच्चीच्या कठड्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं. पोटात गोळा येतो का, श्वास घेता येतो का, आपल्याला स्वतःला काही करावं लागतं का? भावाला मागे स्लिप डिस्कचा त्रास होता, आता बरा आहे म्हणतो. आईला अजून काही बोललो नाही.

सुदामानगरकर
ताई मी केलीय, दतान्यालाच, देवास रोडवरच्या त्या हवाई पट्टीवर. गरगरण्याचं म्हणाल तर दहा हजार फुटांवरून खाली शेतं नि रस्ते नकाशासारखे दिसतात, कठड्यावरून खालची फरशी दिसते तसं ते दिसतच नाही, त्यामुळे मला ती भीती आलीच नाही. सगळ्यात अवघड म्हणजे विमानात वर जातानाची वेळ आणि त्यानंतर दार उघडतं तो क्षण, थंडगार वारा नि आवाज एकदम आत येतो. तिथून पुढे विचार करायला वेळच नसतो. पोटात गोळा मला फारसा आला नाही कारण विमान आधीच जोरात पुढे जात असतं, आपण त्याच वेगात बाहेर पडतो नि मग हळूहळू खालच्या दिशेला वळतो. मग ताशी 200 किमीच्या आसपास वेग स्थिर होतो आणि पडतोय असं वाटतच नाही, खालून वारा धरून ठेवतो. दोन माणसांचं वजन असल्यामुळे वेग फार वाढू नये म्हणून इन्स्ट्रक्टर एक छोटं पॅराशूट आधीच सोडतो, त्याला ड्रोग म्हणतात. हे सगळं जेमतेम अर्धा मिनिट. पाचेक हजार फुटांवर मोठं पॅराशूट उघडतं, वर खेचल्यासारखं होतं नि एकदम शांत. तिथून खाली यायला पाच मिनिटं वगैरे, आणि खरं सांगू, मला ती पाच मिनिटंच जास्त आवडली, इन्स्ट्रक्टरशी गप्पा मारता येतात. मळमळत असेल तर गिरक्या घेऊ नका असं त्यांना सरळ सांगा, ऐकतात.

श्वास येतो. तोंडावर वारा आदळतो म्हणून घाबरून लोक श्वास धरून ठेवतात, तसं वाटलं तर जोरात ओरडा, हवा बाहेर गेली की पुढचा श्वास आपोआप आत येतो.

तुम्हाला करायच्या गोष्टी दोनच. बाहेर पडताना डोकं मागे, कंबर पुढे, पाय मागे दुमडलेले. आणि उतरताना गुडघे वर घेऊन पाय समोर सरळ धरायचे, सहसा बसूनच घसरत उतरवतात. हे दुसरं घरी पलंगाच्या कडेला बसून करून बघा, हार्नेसमध्ये, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांत, पाय वर धरायला पोटाची ताकद लागते.

नेहा_फिजिओ
मैथिली, भावाचं आधी बघ गं. पॅराशूट उघडतानाचा झटका आणि बसून उतरणं, दोन्हीचा भार कमरेच्या मणक्यावरच येतो. "आता बरा आहे" एवढ्यावर नको जाऊस, त्याच्या ऑर्थोला एमआरआय दाखवून स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर तू एकटी जा, तो खाली कॅमेरा घेऊन उभा राहील. खांदा निखळलेला असेल, हृदयाचा त्रास, फिट्स, गरोदरपण, यातलं काही असेल तर नकोच. फॉर्मवर खरं लिहायचं, वजनसुद्धा, हार्नेस नि पॅराशूट त्या वजनाच्या हिशेबानंच असतं. आणि सर्दी झालेली असताना जाऊ नका, उंची झपाट्यानं बदलते, कान ठणकतात. एरवी नाक दाबून हळूच फुंकलं की मोकळे होतात.

राजवाडा_राहुल
दिवस मोकळा ठेवा भिया. वारा जास्त असला किंवा ढग आले की विमान उडतच नाही, तासन्‌तास थांबावं लागतं, महाकालचं दर्शन त्याच दिवशी ठरलेल्या वेळेला ठेवू नका. सकाळी पोहे खाऊन निघा, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं, कचोरी-जलेबी परत आल्यावर. लेसवाले बूट, वर जाकीट, दहा हजार फुटांवर जमिनीपेक्षा साधारण 20 अंश गार असतं. इन्स्ट्रक्टरचं टँडम रेटिंग, म्हणजे दुसऱ्याला बांधून उडी मारायची पात्रता, विचारा, बिनधास्त विचारा. रिझर्व पॅराशूट असतंच आणि ठरावीक उंचीपर्यंत काही उघडलं नाही तर ते आपोआप उघडणारं यंत्रही असतं, ते कुठे आहे दाखवा म्हणा, चांगले लोक आनंदानं दाखवतात.

मैथिली_इंदूर
खूप आभार सगळ्यांचे. नेहाताई, सोमवारी भावाला डॉक्टरांकडे घेऊन जाते. आईला आधी सांगू की नंतर?

नेहा_फिजिओ
आधी. फॉर्मवर जवळच्या माणसाचा नंबर द्यावा लागतो, तो तिचाच असेल ना.